उमर मुख्तार यांच्यावरील खटल्याचा फार्स

लिबियाचे उमर मुख्तार इटलीपुढे हरणार, हे उघड होते. एका बाजूला विमाने आणि चिलखती गाड्या, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून लढणारे काही शे मेंढपाळ व शेतकरी. त्यांचा नेता कुराण शिकविणारा, सत्तरी ओलांडलेला शिक्षक! तरीही हा लढा वीस वर्षे चालला. त्यांच्या शौर्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला बोलायचे आहे ते त्यांच्यावरील खटल्याविषयी.

इटलीने ५ नोव्हेंबर १९११ रोजी एका हुकूमनाम्याने लिबिया आपला असल्याचे जाहीर केले. तेव्हा तिच्या ताब्यात किनाऱ्यावरची मोजकी शहरे होती. लिबियाच्या जनतेला कोणी विचारले? कोणीही नाही. पण त्या कागदाच्या जोरावर वीस वर्षांनी उमर मुख्तार ‘बंडखोर’ ठरले. ज्या राज्याचे प्रजाजनत्व माणसाने कधी पत्करलेच नाही, त्या राज्याशी तो द्रोह कसा करील? शिवाय १९२९ मध्ये गव्हर्नर बादोलिओ स्वतः त्यांच्याशी वाटाघाटीला बसला होता. सरकार वाटाघाटीला बसते ते प्रतिपक्षाशी, दरोडेखोराशी नव्हे.

लढवय्ये हटत नाहीत म्हटल्यावर १९३० मध्ये ग्राझियानीने जबल अखदरच्या डोंगराळ मुलखातील सुमारे एक लाख माणसे काटेरी तारांच्या छळछावण्यांत कोंडली. त्यांतील चाळीस हजारांहून अधिक दगावली, असा अनेक इतिहासकारांचा अंदाज आहे. हे सारे फासावरच्या एका म्हाताऱ्यासाठी! (त्याच्याविरुद्ध लढायला आणलेल्या फौजेत एरिट्रियाचे शिपाई मोठ्या संख्येने होते. तीही इटलीचीच वसाहत. गुलामाकरवी गुलामाला मारण्याची रीत साम्राज्यवाद्यांना नवी नाही.)

११ सप्टेंबर १९३१ रोजी उमर मुख्तार पकडले गेले. १५ तारखेला बेनगाझीत विशेष न्यायाधिकरणापुढे खटला, १६ ला सुलूकच्या छावणीत वीस हजार कैद्यांसमोर फाशी. पाच दिवसांत सारे आटोपले! शिक्षा मृत्यूचीच व्हावी, हे बादोलिओने खटल्याआधीच कळविले होते. मग खटला कशासाठी? खुनाला न्यायाचा झगा चढवावा लागतो म्हणून.

त्या न्यायालयात एक माणूस मात्र आपला धर्म विसरला नाही. सरकारनेच नेमलेला बचावाचा वकील, इटालियन कॅप्टन रोबेर्तो लोंतानो. आपला अशील देशद्रोही नसून युद्धात लढणारा योद्धा आहे, असे त्याने मांडले. बक्षीस काय मिळाले? दहा दिवसांची कैद. आम्ही वकिली करणाऱ्यांनी हे नाव पाठ करून ठेवावे.

ग्राझियानीवर मात्र लिबियातील अत्याचारांसाठी कधीच खटला चालला नाही. १९५० मध्ये त्याला १९ वर्षांची शिक्षा झाली ती जर्मनांना साथ दिल्याबद्दल, आणि काही महिन्यांतच तो सुटलाही. उमर मुख्तार यांच्यावरील चित्रपटाला १९८२ मध्ये इटलीत बंदी आली, कारण काय तर सैन्याची अप्रतिष्ठा! आणि २०१२ मध्ये अफिले या इटालियन गावात ग्राझियानीचे स्मारक उभे राहिले, तेही सरकारी पैशातून.