पंधरा ग्रॅमचा प्रश्न

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण कॅरमच्या टेबलाभोवती जितकी ऐकू येते, तितकी अन्यत्र क्वचितच येत असेल. कोणी स्ट्रायकर हातात घेऊन जरा न्याहाळला, बोटाने त्याची कड चाचपली आणि “दुसरा आहे का रे?” असे विचारले, की बघ्यांपैकी एकजण ही म्हण त्याच्या तोंडावर फेकतोच. माझे म्हणणे असे आहे की, निदान कॅरमच्या बाबतीत ही म्हण पुष्कळदा अन्यायाने वापरली जाते. अंगण खरोखरच वाकडे असू शकते, आणि ते किती वाकडे आहे हे मोजताही येते.

विद्यार्थीमित्रांनो, विषय क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या जोयडा तालुक्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत मैदान नावाची वस्तूच शिल्लक राहत नाही. कॅसलरॉककडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. व्हॉलीबॉलची जाळी गुंडाळली जाते, कबड्डीच्या रेषा वाहून जातात आणि उरतो तो कॅरम. मुले खेळतात, मुलीही खेळतात. सुपा धरणाच्या तालुक्यात वीज जावी हा विनोद खराच, पण ती गेली तरी बोर्ड खिडकीशी सरकवून डाव पुरा करता येतो. वर्षातले चार महिने जो खेळ आपला मुख्य खेळ असतो, त्याच्या मुख्य साधनाविषयी चार शब्द लिहिले तर प्राध्यापक मंडळींनी रागावू नये.

नियम काय सांगतो? स्ट्रायकर गुळगुळीत व गोल हवा, त्याचा व्यास 4.13 सेंटिमीटरपेक्षा आणि वजन 15 ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, तो हस्तिदंताचा किंवा धातूचा नसावा. बस्स. बाकी कशाचा करावा याला मोकळीक आहे. आणि खरी गंमत या मोकळिकीतच आहे.

बाजारात मिळणाऱ्या स्ट्रायकरांच्या ढोबळमानाने तीन जाती मी पाहिल्या आहेत. पहिला, बोर्डाबरोबर फुकट मिळणारा, साच्यातून काढलेला हलका प्लॅस्टिकचा. त्याच्या पोटावर बेंबीसारखी खूण असते, ती पावडर धरून ठेवते आणि स्ट्रायकर सरळ जाता जाता मध्येच मान वळवतो. दुसरा ॲक्रिलिकचा, काचेसारखा स्वच्छ. सोंगटीवर आपटला की ‘टक्क’ असा कोरडा आवाज येतो आणि कडेवरून तो जोमाने परत फिरतो. पण पडला तर त्याची धार उडते, आणि एकदा धार उडाली की त्याचा भरवसा संपला. तिसरा, राळेसारख्या प्लॅस्टिकमध्ये खनिजाची भुकटी मिसळून ओतलेला. तो हाताला थंड व भरीव लागतो आणि सोंगटीला ढकलल्यासारखा नेतो. कटसाठी मला ॲक्रिलिक आवडतो. पण रोजच्या खेळाला मी तिसऱ्या जातीच्याच बाजूने मत देईन.

हे केवळ आवडीनिवडीचे बोलणे नाही. आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना आकडेमोड सुटत नाही, म्हणून एक सोपा हिशेब करतो. ॲक्रिलिकच्या एका घनसेंटिमीटरचे वजन सुमारे 1.2 ग्रॅम. 4.13 सेंटिमीटर व्यासाच्या चकतीत 15 ग्रॅम बसवायचे, तर तिची जाडी सव्वानऊ मिलिमीटरच्या वर जाते. हस्तिदंत प्रत्येक घनसेंटिमीटरला 1.8 ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणून त्याची तितक्याच वजनाची चकती जेमतेम सहा मिलिमीटर होते. सोंगटीची जाडी असते 7 ते 9 मिलिमीटर. म्हणजे एक स्ट्रायकर सोंगटीपेक्षा उंच, तर दुसरा तिच्यापेक्षा बुटका! वजन तेच, व्यास तोच, तरी बोटाला लागणारी उंची निराळी. भुकटी मिसळलेला स्ट्रायकर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतो, आणि भुकटी किती घालावी हे बनवणाऱ्याच्या हातात असते. ‘हा स्ट्रायकर हाताला बसत नाही’ असे जो म्हणतो, तो दरवेळी सबबच सांगत असतो असे नाही.

जुने खेळाडू हस्तिदंती स्ट्रायकरची आठवण काढताना हळवे होतात. त्यांचा हळवेपणा या सहा मिलिमीटरमुळे मला समजतो. पण तो काळ गेला हेच बरे झाले. भारतातील हत्तींच्या दंताच्या देशांतर्गत व्यापारावर 1986 च्या कायदादुरुस्तीने बंदी आली, आणि 1991 मध्ये बाहेरून आणलेल्या आफ्रिकी दंतालाही तीच बंदी लागू झाली. आपल्या काळी खोऱ्यातल्या रानात आजही हत्ती फिरतात. त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी हस्तिदंतासाठी उसासे टाकणे शोभत नाही. शिवाय प्लॅस्टिकच्या जन्मकथेतही खेळाच्या सोंगट्यांचे ऋण आहे. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताऐवजी दुसऱ्या कशाचे करता येतील या शोधातून अमेरिकेत जॉन वेस्ली हयात याने सेल्युलॉइड तयार केले आणि 1870 मध्ये त्याचे पेटंट घेतले. हस्तिदंताला पर्याय शोधण्याचे काम असे दीडशे वर्षांपूर्वीच सुरू झाले होते.

त्याच अमेरिकेत आज डिस्क गोल्फ नावाचा खेळ चालतो. हातातली चकती फेकून ती साखळ्यांच्या टोपलीत पोहोचवायची. तिथे एकाच साच्यातली चकती तीन-चार प्रकारच्या प्लॅस्टिकमध्ये विकत मिळते. स्वस्त प्लॅस्टिक हाताला चिकटून राहते, पण झाडावर आपटून आपटून त्याचा आकार बदलतो आणि चकती वेगळी उडू लागते. महाग प्लॅस्टिक टिकते, पण पुष्कळदा हातात निसरडे वाटते. मध्यम पल्ल्याच्या चकतीसाठी यातले कोणते घ्यावे यावर तिथले खेळाडू तासन्‌तास वाद घालतात, आणि कोणी त्यांना वाकड्या अंगणाची म्हण ऐकवत नाही. आमच्या कन्नड विभागातले मित्र ज्याला ‘हिडित’ म्हणतात आणि आपण ‘पकड’ म्हणतो, ती तिकडे चर्चेची गोष्ट आहे. इकडे मात्र थट्टेची.

आता मुख्य मुद्दा. पावसाळ्यात प्लॅस्टिक पाणी पीत नाही, परंतु बोर्डाचे प्लायवूड पिते. बोर्ड जड होतो, बोरिक पावडरच्या गुठळ्या होतात आणि सोंगटी अर्ध्या वाटेत थांबते. यावर आपण शोधलेला उपाय म्हणजे अधिक जड स्ट्रायकर. गेल्या जुलैत मी आमच्या मित्रमंडळींचे सहा स्ट्रायकर ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर वजन करून पाहिले. एक सतरा ग्रॅमच्या वर भरला, एक बारासुद्धा नव्हता, आणि बाकीच्या चारांत कोणतेही दोन सारखे नव्हते. सोनार हसला, पण त्याने वजन मात्र नीट केले. अशा स्ट्रायकरांवर चार महिने हात बसवायचा, आणि मग धारवाडसारख्या कोरड्या हवेच्या गावी स्पर्धेला जायचे! तिथे बोर्ड काचेसारखा पळतो, तपासणीत जड स्ट्रायकर बाद होतो, आणि आपला खेळाडू कोणाचा तरी उसना घेऊन बसतो. चार महिन्यांचे जमवलेले अंदाज पहिल्या दोन डावांतच निकामी होतात. मग परतीच्या बसमध्ये आपण आपल्यालाच म्हणतो, “आपण पडलो जंगलातले.” जंगलाचा यात काय संबंध?

ग्राहक म्हणूनही आपण झोपलेले आहोत. बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापलेले नसेल तर दुकानदाराशी भांडणारे आपण, स्ट्रायकर घेताना आतले चमकते फूल पाहतो. तो किती ग्रॅमचा, कशाचा, हे विचारत नाही. आणि विचारले तर दुकानदारालाही सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, उत्तम खेळाडू कोणत्याही स्ट्रायकरने खेळतो. उत्तम खेळाडू खेळत असेलही. पण उत्तम होण्यापूर्वी त्याला काही वर्षे एकाच स्ट्रायकरवर हात बसवावा लागतो. चेन्नईच्या एका ऑटोरिक्षाचालकाची मुलगी एम. काझिमा हिने 2024 मध्ये अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदके मिळवली. तेव्हा हा खेळ गरिबाघरचा आहे म्हणून त्याचे साधन कसेही चालेल, हा युक्तिवाद तरी कोणी करू नये.

दरवर्षी जिमखान्याच्या निधीतून नवा बोर्ड घ्यावा की नाही यावर चर्चा होते. माझे मत विचाराल तर यंदा बोर्ड घेऊ नये. आहे तो बोर्ड भिंतीपासून दूर, कोरड्या खोलीत ठेवावा आणि त्यावर प्लॅस्टिकचे कापड घालावे. त्या पैशांत एकाच जातीचे, पंधरा ग्रॅमच्या आतले, तोलून घेतलेले बारा स्ट्रायकर येतील. प्रत्येकावर क्रमांक घालून तो नियमित खेळणाऱ्या एकेका विद्यार्थ्याच्या वा विद्यार्थिनीच्या नावे वर्षभरासाठी द्यावा, ग्रंथालयाचे पुस्तक देतात तसा. हरवला तर दंड. जिमखान्यात एक लहान वजनकाटाही असावा. हे सारे मेअखेर व्हायला हवे, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात बोर्डाभोवती गर्दी होते आणि मग जो स्ट्रायकर हाती लागेल तो खरा.