कोण गावचे तुम्ही?

कल्याणच्या स्थानकात मुरबाडची एस.टी. पकडावी, आणि रायत्याच्या पुलावर उल्हास नदी ओलांडण्याच्या आत आपली सारी कुंडली शेजारच्या उतारूच्या हाती जावी, हा अनुभव मला गेली कैक वर्षे येत आहे. कोण गावचे तुम्ही? कोणाकडे निघालात? मास्तर का? कॉलेजात? मग पगार बरा असेल! मुले किती? मुंबईकडचा पाहुणा बरोबर असला, की तो एवढ्यातच कानकोंडा होतो आणि मोबाइलमध्ये तोंड खुपसतो. आमच्या सौभाग्यवतींचेही मत असे, की ही चौकशी नव्हे, उलटतपासणी आहे.

मला मात्र ती आवडते. विचारणारा स्वतःचेही काही हातचे राखून ठेवीत नाही. मुलीचे जमलेले लग्न, यंदाचे भात, भावकीतला दावा, सगळे तो न विचारता सांगून टाकतो. लोकलमध्ये आम्ही वीस वीस वर्षे एकाच डब्यात खांद्याला खांदा लावून उभे राहतो, आणि शेजाऱ्याचे आडनाव कळते ते श्रद्धांजलीच्या फलकावरून! याला कोणी सभ्यता म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

बरे, ही चौकस बुद्धी माणसांपुरतीच असते असेही नाही. वैशाखरे गावावरून नाणेघाट चढून गेलो होतो. माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात दिलेल्या दक्षिणेचा तो हिशेब. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण, सारे आकड्यांनिशी. आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी काही अंक या भिंतींवर आहेत. मी ते टिपून घेत होतो, तोच एक गुराखी म्हातारा आत आला. "काय लिवलंय हो यात?" मी सांगितले. हजारो गायींचे दान ऐकून तो जरा वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "एवढ्या गायी दिल्या, पण त्या राखल्या कोणी?"

भिंतीवर राजाराणीची नावे आहेत, राखणाऱ्याचे नाही. एम.ए.च्या दोन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

याच अंकांवर पंडित भगवानलाल इंद्रजींनी निबंध लिहिला. ते जुनागडचे. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाची शिळा; हजारो यात्रेकरू तिच्यावरून नजर टाकून पुढे जात. या मुलाला मात्र वाटले, की यात लिहिले आहे तरी काय? कॉलेजची पायरी न चढलेला हा माणूस १८८८ साली मुंबईत वारला, तो थोर संशोधक म्हणून.

आणि आमचे वर्ग? एस.टी.त परक्याचा पगार विचारणारा मुलगा वर्गात बसला की मिठाची गुळणी धरतो. 'काही शंका?' म्हणावे, तर पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. 'जास्त शहाणपणा नको' हे वाक्य त्याने पहिलीपासून ऐकलेले असते, त्याला तो बिचारा काय करणार?

म्हणून शहापूरकडच्या एका पाड्यावरची मुलगी उभी राहिली, तेव्हा मला नवल वाटले. निबंधाचा विषय होता 'आमच्या गावचे पाणी'. ती म्हणाली, "सर, तानसा आमच्या तालुक्यात, भातसा आमच्या तालुक्यात. मग उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर का?"

मराठीच्या तासाला हे उत्तर द्यायचे नसते, पण दिले. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आणि आज मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी भातसाचे आहे, हे सांगितले. धरणे खाली खोऱ्यात, पाडे वर डोंगरउतारावर. पाऊस धो धो पडतो, पण खाली काळा कातळ. पाणी फारसे मुरत नाही, वाहून जाते. तानसाचे पाणी मुंबईला आपसूक उताराने पोचते. पाड्यावर न्यायचे तर पंपाने चढवावे लागते, विजेचे बिल येते, आणि ते भरायचे कोणी यावर घोडे अडते. म्हणून तर नाशिक जिल्ह्यातल्या भावली धरणातून शहापूरला उताराने पाणी आणण्याची योजना आखली गेली. म्हणजे घरची विहीर सोडून शेजारच्या गावाला घागर घेऊन जाण्यातला प्रकार!

फळ्यावर मी डोंगर काढला, धरण काढले, बाण काढले. वर्ग प्रथमच पुस्तकाबाहेर मान काढून पाहत होता. मुलगी बसली नव्हती.

"पण सर," ती म्हणाली, "मुंबईत विसाव्या मजल्यावर पाणी चढते ना?"