एकशे ब्याण्णव मतांचा हिशेब

मंगळवार पेठ, कोल्हापूर

जिल्हा बैठकांच्या विषयपत्रिकेवर यंदा पुन्हा तोच ठराव आला आहे : संघटनेने विधानसभा लढवावी की लढवू नये? ठराव आणणारे कार्यकर्ते तळमळीचे आहेत. मोर्चे आपण काढायचे, लाठ्या आपण खायच्या, तारखांना कोर्टात हेलपाटे आपण घालायचे आणि मतपेटी उघडली की माळ दुसऱ्याच्याच गळ्यात, हे किती दिवस चालायचे, असे ते विचारतात. प्रश्न खोटा नाही. पण हात वर करण्यापूर्वी एका मतदारसंघाची कुंडली सर्वांनी मांडून पाहावी, असे आम्हाला वाटते. ऊसवाल्यांच्या गावात बसून आम्ही कोरडवाहूवाल्यांना शहाणपण शिकवणार, असा टोमणा आम्हाला नेहमी बसतो. म्हणून ही कुंडली मुद्दाम ज्वारीच्या मुलखातली घेतली आहे. मतदारसंघ सांगोला, जिल्हा सोलापूर.

सांगोला म्हणजे माणदेश. माण नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त. रब्बीची ज्वारी, बाजरी, खिल्लार जनावरे आणि अलीकडच्या काळात डाळिंब, यावर या तालुक्याने दिवस काढले. अशा तालुक्याने १९६२ साली गणपतराव देशमुख नावाच्या तरुण वकिलाला लाल बावट्याखाली आमदार केले. पक्ष शेतकरी कामगार. तो काळ त्या पक्षाच्या भरतीचा नव्हता, ओहोटीचा होता. संयुक्त महाराष्ट्र १९६० साली मिळाला होता, समितीची लाट ओसरली होती, शेकापचे मोठे मोहरे एकामागून एक काँग्रेसच्या मांडवात जाऊन बसले होते. सगळे बाहेर पडत असताना हा माणूस आत आला.

१९६७ साली ते पुन्हा निवडून आले. १९७२ साली पडले. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. त्यानंतरचा दुष्काळ काय होता हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्यातून तालुका उठतो न उठतो तोच १९७४ साली पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव परत सभागृहात गेले. पुढे १९७८, १९८०, १९८५, १९९०. मध्ये दिल्लीत काय काय झाले, इंदिरा गांधी गेल्या, आल्या, त्यांची हत्या झाली, सहानुभूतीची लाट आली. सांगोल्याच्या मतपेटीने आपली चाल बदलली नाही.

आणि मग १९९५. शहाजीबापू पाटलांनी गणपतरावांना पाडले, तेही १९२ मतांनी. एका बऱ्या वाडीत यापेक्षा जास्त मते असतात. दोन चुलत्यांची भावकी रुसली, एका वस्तीवरची बैलगाडी वेळेत निघाली नाही, एवढ्यावर निकाल फिरला असेल. तेहतीस वर्षांचे राजकारण एका वस्तीवर संपले, असे म्हणणारे त्या वेळी पुष्कळ होते.

या १९२ मतांनंतरची चार वर्षे आम्हाला अकरा विजयांपेक्षा महत्त्वाची वाटतात. आपल्याकडे पडलेल्या उमेदवाराचे काय होते? दोन महिने तो फोन उचलत नाही, सहाव्या महिन्यात तो दुसऱ्या पक्षात असतो आणि त्याच्या प्रचाराला फिरलेली पोरे गावात तोंड लपवून हिंडतात. सांगोल्यात तसे झाले नाही. गावागावांतली पक्षाची माणसे जागच्या जागी राहिली. शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी होती, गावच्या सोसायट्या होत्या, पाण्याची चळवळ होती. आटपाडीला १९९३ साली नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू झाली होती. गणपतराव त्यातले एक प्रमुख. आमदार असताना ते ज्या मांडवात बसत, त्याच मांडवात आमदारकी गेल्यावरही बसत. १९९९ साली ते परत निवडून आले. मग २००४, २००९, आणि वय अठ्ठ्याऐंशीच्या घरात असताना २०१४ साली पंचवीसेक हजारांच्या फरकाने अकराव्यांदा. त्यांच्या एसटीच्या प्रवासाबद्दल आणि साध्या राहणीबद्दल सगळ्यांनी लिहून झाले आहे. ते खरेच होते. पण नुसत्या साधेपणाने मते मिळत असती तर आपल्यातले निम्मे कार्यकर्ते आज मंत्री असते.

कुंडली मांडायची तर ग्रहांबरोबर त्यांच्या दशाही सांगितल्या पाहिजेत. अकरा वेळा आमदार, त्यात १९७८ आणि १९९९ असे दोनदा मंत्री. १९९९ ला तर पणन आणि रोजगार हमी ही खाती. तरीही माणदेशातला ज्वारीवाला भावाने सुखी झाला, असे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. टेंभू-म्हैसाळचे पाणी मिळवता मिळवता एक पिढी म्हातारी झाली. ज्वारी-कापसाच्या भावाच्या नाड्या सांगोल्यात नाहीत आणि मुंबईतही नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि ती सूट ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत लांबवली. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळेला. ती फाईल फिरत असताना महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी एकालाही कुणी विचारले नाही. तेव्हा 'आपला आमदार झाला की भाव मिळेल' असे ज्यांना वाटते त्यांनी सांगोल्याकडे नीट पाहावे. आमदारामुळे दुष्काळात चारा छावणी वेळेवर उघडते, रोजगार हमीचे काम निघते, अधिकारी जरा सांभाळून बोलतो. हे कमी नाही. पण घामाचे दाम ही वेगळी लढाई आहे.

गणपतरावांनी २०१९ ची निवडणूक वयामुळे लढवली नाही. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. जिंकले पुन्हा शहाजीबापूच, आता शिवसेनेकडून. २०२२ च्या जूनमध्ये त्यांनी गुवाहाटीच्या हॉटेलातून झाडी-डोंगरांचे केलेले कौतुक साऱ्या महाराष्ट्राने ऐकले. सांगोल्याच्या ओसाड माळावर ते कसे ऐकू आले असेल ते वाचकांनी ठरवावे. गणपतराव ३० जुलै २०२१ रोजी गेले. २०२४ साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांहून अधिक मतांनी जिंकले. विधानसभेत शेकापचा तो एकटा आमदार. पक्षाने जागा राखली याचा आनंद आहे, पण एवढी वर्षे घासून तयार केलेल्या तालुक्यात उमेदवारीसाठी एकाच घराचा उंबरा दिसावा, ही गोष्ट आम्हाला टोचते. घराणेशाहीवर आपण भाषणे करतो, तेव्हा हेही बोलले पाहिजे.

आता आमच्या दारातले उदाहरण. ऊसदराचे आंदोलन पेटले आणि राजू शेट्टी २००४ साली शिरोळचे आमदार झाले. २००९ साली हातकणंगले लोकसभेत त्यांनी निवेदिता माने यांना पंचाण्णव हजारांनी हरवले. प्रस्थापितांच्या पैशासमोर शेतकऱ्यांनी वर्गणी काढून उमेदवार निवडून आणला, ही या जिल्ह्यातली मोठी गोष्ट. मिरजकर तिकटीच्या चहाच्या गाड्यावर अजून तिची आठवण निघते. २०१४ साली महायुतीत जाऊन ते सहा लाख चाळीस हजार मते घेऊन आले. २०१९ साली, ज्यांच्याशी जन्मभर भांडण त्यांच्याच आघाडीत जाऊन, धैर्यशील माने यांच्याकडून शहाण्णव हजारांनी पडले. २०२४ साली दोन्ही आघाड्यांना बाजूला ठेवून एकटे लढले तेव्हा एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास मते मिळाली आणि तिसरे स्थान. आंदोलनाचे ते ऊसवाले कुठे गेले नाहीत. त्यांचा नेता दर पाच वर्षांनी नव्या माणसाच्या शेजारी बसलेला दिसला, एवढेच.

उसाला आणखी एक सोय आहे जी आपल्याला नाही. ऊसवाल्याचा गाळप हंगाम ठरलेला, दर जाहीर होण्याचा दिवस ठरलेला आणि भांडायचे कुणाशी त्याचा पत्ता ठरलेला : कारखान्याचे गेट. एका गेटवर दहा हजार माणूस एका दिवशी जमतो. आपला कापूस पाच-दहा क्विंटलने, गरज पडेल तसा, व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. ज्वारी अर्धी घरात खातो, कडबा जनावरांना जातो. आपला राग वर्षभर थोडा थोडा सांडतो, एका ठिकाणी साठत नाही. म्हणून कोरडवाहूत मत जमवायचे तर आंदोलनाच्या एका दिवसावर भागत नाही, गावात बारा महिने माणूस लागतो. कापसाच्या पट्ट्यात ज्यांनी तो ठेवला तिथे तो दिसतोही. राजुऱ्यात वामनराव चटप १९९०, १९९५ आणि २००४ असे तीनदा निवडून आले. २०१९ साली अडीच हजार मतांनी हुकले, २०२४ साली तिसरे राहिले तरी पन्नास हजारांच्या वर मते त्यांच्या मागे होती. चौतीस वर्षे एका विचाराला पन्नास हजार मते टिकणे ही लहान गोष्ट नव्हे.

लांबचे एक उदाहरण सांगतो, कारण ते आपल्यासारख्याच पावसावरच्या शेतकऱ्यांचे आहे. कॅनडात अल्बर्टा नावाचा गव्हाचा प्रांत आहे. तिथल्या शेतकऱ्यांच्या संघटनेने १९२१ साली प्रांताची निवडणूक प्रथमच स्वतः लढवली आणि एका दमात सरकारच बनवले. संघटनेचे अध्यक्ष हेन्री वाईज वुड यांचा निवडणुकीत उतरण्याला मुळात विरोध होता. निकालानंतर मुख्यमंत्रिपद समोर आले तेही त्यांनी घेतले नाही. पुढे मंदी आली, गव्हाचे भाव कोसळले, कर्जे फिटेनात. भाव काही त्या प्रांतात ठरत नव्हते, पण शिव्या मात्र प्रांताच्या सरकारला बसल्या. १९३५ साली त्यांची एकही जागा आली नाही. एकही नाही! मग संघटनेने राजकारण सोडले आणि बी-बियाणे, इंधन, अवजारे पुरवणारी सहकारी संस्था म्हणून ती उभी राहिली. शंभर वर्षांनंतरही ती संस्था चालू आहे. १९२१ चे सरकार मात्र पुस्तकातच सापडते.

म्हणून ठरावाबाबत आमचे मत उघड सांगतो. पुढच्या विधानसभेला उमेदवार उभा करू नये, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत विकास सोसायटी लढवलेली नाही, ग्रामपंचायतीत आपली माणसे नाहीत, बाजार समितीत कापसाच्या काट्याजवळ उभे राहून पावती तपासणारा आपला कुणी नाही, तिथून आलेला ठराव बाजूला ठेवावा. आणि जिथे उमेदवार द्यायचा तिथे पडल्यानंतर तो काय करणार आहे, हे त्याने अर्जाच्या आधी बैठकीत उभे राहून सांगावे. आघाडी कोणाशी करायची हा शेवटचा प्रश्न आहे. आपल्याकडे तो नेहमी पहिला असतो.

भावांनो आणि मायबहिणींनो, बैठकीला रिकाम्या हाताने येऊ नका. आपल्या गावच्या सोसायटीची सभासद यादी मिळवा. तिच्यात संघटनेचा बिल्ला लावणारे किती, त्यांतले थकबाकीमुळे मताचा हक्क गमावलेले किती आणि सातबाऱ्यावर नाव नसल्यामुळे यादीत नसलेल्या आपल्या बाया किती, हे तीन आकडे एका कागदावर लिहून आणा. ठरावावर चर्चा त्या कागदांच्या गठ्ठ्यावरूनच सुरू होईल.