महालक्ष्म्यांचे ताट आणि मेळघाटातील माता

आज घरोघरी ज्येष्ठागौरींचे पूजन होत आहे. वऱ्हाडात याच महालक्ष्म्या. त्यांच्यापुढे धान्याच्या राशी मांडतात, बाळे बसवितात आणि पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्यांचे पहिले ताट या मातांना दाखवितात. प्रत्यक्ष संसारात मात्र आई सर्वांमागून, उरलेसुरले जेवते. ही विसंगती आजच्या दिवशी आम्हांस अधिकच बोचते.

त्याच वऱ्हाडात मेळघाट आहे. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील बालमृत्यू १९९३ साली उघडकीस आले. भाद्रपदात तेथे जुने धान्य सरलेले असते, नवे अजून शेतातच उभे असते. याच दिवसांत अतिसार आणि न्यूमोनिया बळावतात. उपाशी मातेच्या पोटी कमी वजनाचे मूल जन्मते, आणि मोठ्यांना दोन दिवसांत सोडणारा आजार त्याचा जीव घेतो. म्हणून औषधाच्याही आधी, गरोदरपणीच, आईच्या ताटात अन्न पडले पाहिजे.

आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांना रोज एक चौरस आहार देणारी अमृत आहार योजना राज्य शासनाने २०१५ मध्ये सुरू केली. अंगणवाडीतून विनामूल्य भोजन मिळणे हा तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातांचा हक्कच ठरला आहे. ती कोणाची कृपा नव्हे. सणाला एक पंगत वाढून अन्नदानाचे समाधान मिळते खरे, पण गर्भ नऊ महिने वाढतो. श्रद्धाळू कुटुंबांनी आपल्या वस्तीतील अंगणवाडीत आज काय शिजले, बालकांची वजने घेतली काय, याची चौकशी सुरू करावी, असे आम्ही सुचवितो. गौरी उद्या जातील. मेळघाटात पीक घरी येण्यास अजून अवकाश आहे.