‘पुढे काय?’ विचारणाऱ्यांस

गेल्या चैत्रात, वयाच्या बाहात्तराव्या वर्षी, मी एक जुनी पेटी विकत घेतली. पेटी म्हणजे कपड्यांची नव्हे, बाजाची. पहिले दोन दिवस कौतुकात गेले. तिसऱ्या दिवशी मुलाने विचारले, “आई, छान आहे, पण पुढे काय करणार आहेस याचं?” सूनबाईने माझी बाजू घेतली, “भजनी मंडळात वाजवतील की त्या.” शेजारच्या वहिनींनी परीक्षेला बसणार का म्हणून चौकशी केली. आणि आमच्या यजमानांनी सल्ला दिला, “अगं, रोज किती मिनिटं वाजवतेस ते लिहून ठेवत जा, प्रगती कळते.” वाजवताना तुला कसे वाटते, असे मात्र चौघांपैकी एकानेही विचारले नाही.

हा लेख त्या चौघांसाठी आहे, आणि वाचकांच्या घरी त्यांचे जे भाऊबंद असतील त्यांच्यासाठीही. सणासुदीला भांडण उकरून काढू नये म्हणतात. पण चिवड्याचे डबे भरून झाले आहेत, करंज्या उद्यावर गेल्या आहेत, आणि मला वर्षातून एवढीच सवड मिळते.

मी १९७४ साली नोकरीला लागले आणि २०११ साली निवृत्त झाले. एवढी वर्षे डोंबिवली ते व्ही. टी. आणि परत. बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाई, हळदीकुंकू होई, भिश्या लागत. मी विणकाम करी. दोन सुलट, दोन उलट करीत ठाणे यायचे. दादरपर्यंत बाही वाढलेली असायची. सासरी-माहेरी मिळून किती स्वेटर झाले त्याची मोजदाद नाही. मुंबईच्या हवेत ते घालायचे कधी, हा प्रश्न निराळा. ‘तुमच्या सुनेला विणकामाचा भारी छंद,’ असे लोक सासूबाईंना सांगत, आणि त्यांना ते आवडे. पण खरे सांगायचे तर तो माझा छंद नव्हताच. गाडीत हात रिकामे ठेवून बसायची मला लाज वाटे, एवढेच.

आपल्याकडे बाईच्या छंदाला एक अट असते. त्यातून काहीतरी निघाले पाहिजे. विणकामातून स्वेटर निघावा, शिवणातून झबले, कुंड्यांतून निदान कढीपत्ता. पुरुषाने रविवारची सकाळ पत्त्यांत घालवली तर तो विरंगुळा. बाईने घालवली तर ‘हिला कामं नाहीत वाटतं.’ पेटीतून काही निघत नाही. जे निघते त्याने सध्या तरी आमच्या मजल्यावरची माणसे खिडक्या लावून घेतात. म्हणूनच मला ती घ्यायची होती.

पेटीविषयी दोन शब्द. या बिचारीला ‘तुझा उपयोग काय’ हे माझ्याही आधी ऐकावे लागले आहे. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे सूर बांधून टाकलेले, श्रुती तिच्यात मावत नाहीत, अशा तक्रारी होत्या आणि त्या खोट्याही नव्हत्या. १९४० च्या मार्चपासून १९७१ पर्यंत रेडिओवर तिला मज्जाव होता. तेवढी तीस वर्षे ती कुठे होती? देवळात होती, नाटक मंडळीच्या पुढ्यात होती, चाळीतल्या खाटेखाली होती. एवढ्या बदनामीतूनही ती घरोघर टिकली, कारण घरात ती वाजवणारी माणसे कुणाला जाब द्यायला बसली नव्हती.

आता माझी प्रगती. डाव्या हाताने भाता आणि उजव्याने पट्ट्या हे दोन व्यवहार एकाच बाईकडून व्हायचे असतात, याचा मला सात महिने अचंबा वाटतो आहे. बोटांकडे पाहिले की भाता थांबतो. भात्याकडे पाहिले की बोटे भलतीकडे जातात. पण भाद्रपदात एका दुपारी एक गंमत सापडली. काळी तीन षड्ज धरली तर सगळा भूप काळ्या पट्ट्यांवरच येतो! सा काळी तीन, रे काळी चार, ग काळी पाच. मग वरच्या सप्तकातली काळी एक हा पंचम आणि काळी दोन हा धैवत. मध्यम आणि निषाद भूपात नाहीतच, त्यामुळे पांढऱ्या पट्टीला बोट लावायचे कामच नाही. पेटीवाल्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असणार. मला कुणी सांगितले नव्हते. मी पाचही पट्ट्यांवरून वर-खाली फिरत राहिले आणि चहाची वेळ टळून गेली. त्या दिवशी किती मिनिटे वाजवली ते मी लिहून ठेवलेले नाही.

मिनिटांवरून आठवण झाली. यजमानांच्या मनगटावर पावले मोजणारे यंत्र आहे, मुलाने आणून दिलेले. दिवसाला दहा हजार पावले हा त्यांचा नेम. रात्री साडेदहाला आकडा आठ हजार नऊशेवर अडला की हे दिवाणखाना ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या घालतात, आणि मी ओट्याशी उभी असले तर मला वळसा घालून जातात. त्या दहा हजारांचे मूळ मी शोधून काढले. १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक झाले, आणि १९६५ मध्ये जपानातल्या एका घड्याळे करणाऱ्या कंपनीने कमरेला लावायचे पाऊलमापक विकायला काढले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावले मोजणारे. आकडा गोल होता, तोंडात बसणारा होता. वैद्यांनी तो संशोधनाअंती ठरवलेला नव्हता. तो मालाच्या नावातून आला आणि नेम होऊन बसला. पुढे २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत सुमारे साडेसात हजार पावलांच्या पुढे वाढता लाभ दिसेनासा झाला होता. हे मी यजमानांना वाचून दाखवले. ते म्हणाले, “ते बायकांचं झालं.”

चालण्याशी माझे वैर नाही. डॉक्टरांनीच त्यांना चालायला सांगितले आहे. तक्रार निराळी आहे. पूर्वी आम्ही दोघे संध्याकाळी निघत असू. वाटेत कुणाच्या कुंपणावरची गोकर्ण पाहायची, शेवंती कशी आहे म्हणून फुलवालीला विचारायचे आणि न घेता पुढे जायचे. आता हे एकटे जातात. “तू थांबतेस,” म्हणतात, “वेग मोडतो.” गेल्या दोन वर्षांत त्यांची पावले किती झाली याची नोंद त्या यंत्रात आहे. आम्ही एकत्र किती वेळा फिरायला गेलो हे मात्र मला न मोजताही सांगता येते.

नातीचेही तेच. तेरा वर्षांची आहे. चौथीत असताना कावळे काढायची. वहीच्या मागच्या पानावर, वर्तमानपत्राच्या कडेला, माझ्या वाणसामानाच्या यादीवर. अंगाने वाकडे, पण नजरेने अस्सल कावळे. कुणाच्या तरी लक्षात आले की मुलीत गुण आहे. लगेच क्लास लागला, एलिमेंटरी झाली, आता इंटरमीजिएट. श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात. ती आता स्थिरचित्र उत्तम काढते, तांब्या आणि दोन फळे. कावळा काढ म्हटले तर म्हणते, “आजी, सिलॅबसमध्ये नाहीये.”

यावर घरात मला राजा केळकर संग्रहालयाचा दाखला ऐकवण्यात आला. पुण्याचे दिनकर केळकर, घरचा धंदा चष्म्यांचा. त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती असल्या घरगुती वस्तू गोळा केल्या आणि त्यातून केवढे संग्रहालय उभे राहिले! छंद असा असावा, पुढे काहीतरी होणारा. मला हा युक्तिवाद उलटा वाटतो. पहिला अडकित्ता घरी आणला तेव्हा त्या गृहस्थांना ‘पुढे काय’ म्हणून कुणी दाराशी अडवले असते, तर दुसरा आला असता का? आणि समजा, संग्रहालय झालेच नसते, अडकित्ते घरातल्या कपाटातच राहिले असते. तरी ते हातात घेऊन पाहण्यात गेलेल्या संध्याकाळी वाया गेल्या असे म्हणायचे का?

खरे तर दिवाळीतच हा प्रश्न कुणी विचारू नये. पोरे चार दिवस चिखलात लोळून किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, वर महाराजांना बसवतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत त्याचे ढेकूळ करून टाकतात. रांगोळी तर सकाळी झाडूनच काढायची असते. पण आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी किल्ल्यांची स्पर्धा ठेवली, आणि पहिला नंबर वडिलांनी विकत आणलेल्या तयार किल्ल्याला मिळाला.

इतके लिहिल्यावर एक कबुली द्यायला हवी, नाहीतर मुलगा हा अंक वाचून मला आठवण करून देईल. तो लहानपणी काड्यापेट्यांची चित्रे जमवी. जहाज, घोडा, किल्ली, वाघाचे तोंड. दोन जुन्या वह्या भरून चिकटवलेली. रुळांच्या कडेने, पानाच्या ठेल्यांपाशी वेचलेली. १९९३ साली तो दहावीत गेला. जूनमध्ये कपाट आवरताना त्या वह्या माझ्या हाती आल्या. “पुढे काय करणार आहेस याचं?” मी विचारले. त्याला उत्तर देता आले नाही. पंधरा वर्षांचा मुलगा काय उत्तर देणार? वह्या रद्दीत गेल्या. तो रडला नाही, भांडला नाही. त्यानंतर त्याने काही जमवले नाही. पहिल्या वर्गात पास झाला, पुढे चांगल्या पदावर चढला, आणि आज रविवारीसुद्धा त्याला रिकामे बसता येत नाही.

म्हणून चैत्रात त्याने पेटीकडे बोट दाखवून तोच प्रश्न विचारला तेव्हा मी गप्प राहिले. शब्द माझे होते, हेलही माझाच होता. रद्दीवाल्याने त्या वह्यांचे किती दिले ते मला आठवत नाही. जहाजाच्या शिडाला निळा रंग होता, हे आठवते.

तेव्हा सर्व संबंधितांस कळवण्यात येते की पेटी राहणार आहे. ती रोज दुपारी साडेचारला वाजेल. भजनी मंडळात जाणार नाही, परीक्षेला बसणार नाही, तिचा हिशेब ठेवला जाणार नाही. यजमानांना त्या वेळी दिवाणखान्यात पावले पुरी करायची असतील तर खुशाल करावीत. ताल मात्र माझा धरावा लागेल. ज्यांना त्रास होत असेल त्यांनी आपली खिडकी लावून घ्यावी. आमची उघडीच राहील.