खिशातले वायफाय आणि कुलपाची जबाबदारी

जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला. तो नवी मुंबईतील एका घराच्या उघड्या वायफायवरून पाठविलेला होता. त्या घरातील रहिवाशाचा कटाशी संबंध नव्हता, तरी चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्याच मागे लागला. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने वायफाय सुरक्षित करण्याविषयी आदेश काढले.

तेव्हा वायफाय भिंतीपाशी असे. आज ते खिशात आले आहे. सिमकार्ड घातलेली तळहाताएवढी पेटी, किंवा नुसता मोबाइलच, चार-पाच जणांना इंटरनेट पुरवू शकतो. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाची मुले २०२०च्या टाळेबंदीत एकाच रिचार्जवर शिकली. या सोयीची हेटाळणी ज्यांच्या घरी स्वतंत्र जोडणी आहे त्यांनीच करावी! शिवाय स्थानकावरील उघड्या वायफायपेक्षा पासवर्ड घातलेला स्वतःचा हॉटस्पॉट निश्चितच सुरक्षित असतो. फुकट वायफायचे नाव धारण करून कोणीही भामटा जाळे टाकू शकतो.

परंतु खरी मेख पुढेच आहे. पुष्कळ पेट्यांचा मूळ पासवर्ड कोणालाही तर्काने ओळखता येण्याजोगा असतो. २०१७ मध्ये बेल्जियममधील संशोधक माथी व्हानहुफ यांनी सर्वत्र प्रचलित असलेल्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षापद्धतीतील दोष उघडकीस आणला. दुरुस्ती निघाली, मात्र उत्पादकाने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या पेट्यांपर्यंत ती पोहोचणार कशी?

येथे जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा सिद्धान्त तंतोतंत लागू पडतो. विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात निकृष्ट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो. ग्राहकाला किंमत दिसते, बॅटरी दिसते. कुलूप दिसत नाही. साहजिकच कुलपावर खर्च करणारा उत्पादक मागे पडतो. ‘पासवर्ड बदला, सावध राहा’ हा उपदेश चुकीचा नव्हे, पण उत्पादकाचे कर्तव्य ग्राहकाच्या गळ्यात बांधण्याची ती सोयीस्कर युक्ती आहे.

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सहज ओळखता येणारे मूळ पासवर्ड कायद्याने निषिद्ध ठरविले, आणि सुरक्षा-दुरुस्त्या किमान किती काळ मिळतील हे जाहीर करणे बंधनकारक केले. भारतातही अशा पेटीच्या वेष्टनावर ती मुदत छापली गेली पाहिजे, आणि पासवर्ड बदलण्याची कृती मराठीसह प्रादेशिक भाषांत दिली गेली पाहिजे. वेष्टनावर कमाल किंमत व उत्पादनाचा महिना छापण्याची सक्ती आज आहेच. तिच्यात या एका ओळीची भर घालण्यास कारखानदारांचा आक्षेप असेल, तर तो त्यांनी उघडपणे मांडावा.