आधी ऐकावे, मग उघडावे

महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या आपणां मराठी कुटुंबांचे निम्मे नातेसंबंध रस्त्यावर टिकून असतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कुणाचे कुलदैवत जेजुरीस, कुणाचे कोल्हापुरास. कुणाचे आजोळ नाशकात, तर कुणाची लेक पुण्यास दिलेली. लग्न, मुंज, वर्षश्राद्ध, काहीही निघाले की गाडीत सामान भरावयाचे आणि पहाटे घर सोडावयाचे. अशा घरात मोटार ही केवळ मिरवण्याची वस्तू राहत नाही; ती घरातील एक कर्ती व्यक्तीच होऊन बसते. म्हणूनच या महिन्यात आम्ही तिच्या एका दुखण्याविषयी लिहावयाचे योजिले आहे. हे दुखणे मोठे फसवे. गाडी चालते, वळते, थांबते, सारे काही नीट. परंतु वेग वाढला की पुढच्या चाकांकडून एक संथ, सलग ‘घूंऽऽ’ असा नाद येऊ लागतो, आणि वेग उतरला की तोही उतरतो.

आमच्या गाडीत हा नाद सुरू झाला तो २०२५ च्या जानेवारीत. फेब्रुवारीत पुतणीचे लग्न नाशकास होते आणि सापुताऱ्याच्या घाटातून जावयाचा बेत ठरला होता. ताशी ४० किलोमीटरच्या पुढे आवाज जाणवे. ६० वर तो गाडीभर भरून राही. प्रथम आम्ही खिडक्या लावून घेतल्या, मग रेडिओ मोठा केला. रोगावर पांघरूण घालण्याची ही मानवी रीत आमच्याही अंगी भरपूर आहे. मागे बसलेल्या आमच्या मातोश्री मात्र एके दिवशी म्हणाल्या, “अरे, जात्यात खडा गेल्यासारखं वाजतंय. बघून घे एकदा.” आम्ही “बघतो, आई” म्हणालो आणि विसरलो.

लग्न आठ दिवसांवर आले तेव्हा धांदल उडाली. टायरांच्या एका दुकानी गाडी नेली. तेथील माणसाने वाकून पाहिले आणि सांगितले की पुढचे टायर संपत आले आहेत, आवाज त्यांचाच. टायर खरोखरच झिजले होते, म्हणून आम्हांस शंका आली नाही. दोन नवे टायर बसवून, बरीच रक्कम मोजून, आम्ही समाधानाने घरी निघालो. आणि चौथ्या मिनिटास तोच ‘घूंऽऽ’ पुनश्च कानी आला. दोष त्या दुकानदारास देणे सोपे आहे. परंतु त्याने गाडी चालवून पाहिली नव्हती आणि आम्हीही त्यास तशी विनंती केली नव्हती. आम्ही प्रश्न न विचारताच उत्तर विकत घेतले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या जुन्या, वयोवृद्ध मिस्त्रींकडे गेलो. हे गृहस्थ गुजराती; त्यांचा मंत्र एकच, “पहेलां सांभळो, पछी खोलो.” म्हणजे आधी ऐका, मग उघडा. आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती संगीतशाळा सोपविली, तेव्हापासून या नगरीस ऐकण्याची सवय आहे असे आम्ही अभिमानाने सांगत असतो. तो अभिमान त्या दिवशी थोडा उतरला. कारण मिस्त्रींनी पाना हाती न धरता आम्हांस शेजारी बसविले आणि एकामागून एक अशा चार गोष्टी ऐकावयास लाविल्या. त्या आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

पहिला प्रश्न असा, की आवाज इंजिनाचा की चाकांचा? सपाट रस्त्यावर त्यांनी ताशी ५० चा वेग चौथ्या गिअरमध्ये ठेवला, मग तोच वेग तिसऱ्या गिअरमध्ये. इंजिनाचे फेरे वाढले, त्याचा स्वर चढला. आमचा ‘घूंऽऽ’ मात्र होता तसाच राहिला. म्हणजे इंजिन निर्दोष. नाद गाडीच्या वेगाशी बांधलेला, अर्थात फिरत्या चाकांशी. रस्ता सरळ आणि मोकळा असेल तर क्षणभर गाडी न्यूट्रलमध्ये सोडूनही ही पारख करता येते. पण चालत्या गाडीचे इंजिन कदापि बंद करू नये. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, आणि किल्ली पूर्ण फिरल्यास स्टिअरिंगला कुलूपही लागू शकते.

दुसरा प्रश्न टायर की बेअरिंग? टायरचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाबरोबर बदलतो. खरबरीत डांबरावर वाढतो, गुळगुळीत रस्त्यावर दबतो. बेअरिंगचा आवाज रस्ता बदलला तरी बहुधा तसाच राहतो. संशय टायरवरच असेल तर गाडी थांबवून त्याच्या नक्षीवरून तळवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखे लागले, अथवा उंचसखल खळगे जाणवले, तर झीज असमान आहे असे समजावे. अशा वेळी पैसे न मोजता करावयाची परीक्षा म्हणजे पुढची चाके त्या त्याच बाजूस मागे आणि मागची पुढे लावून पाहणे. आवाज मागे सरकला तर तो टायरचा. चाकांच्या नटबोल्टांना आलटून पालटून समोरासमोर ताण द्यावा आणि पन्नासएक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे. आम्ही एवढे केले असते तर आमचे टायर आणखी काही महिने चालले असते.

तिसरा प्रश्न कोणत्या बाजूचे चाक? येथे कान सर्वाधिक फसतो, कारण नाद पत्र्यातून आणि सांगाड्यातून सर्वत्र पसरतो. डावीकडे बसलेल्या आमच्या सौ.ची खात्री होती की आवाज त्यांच्या पायाखालून येतो. मिस्त्रींनी पहाटेच्या रिकाम्या, रुंद रस्त्यावर गाडी किंचित डावीकडे, मग किंचित उजवीकडे, अशी सावकाश झुलविली. डावीकडे वळताना आवाज भरून आला, उजवीकडे वळताना दबला. कारण साधे आहे: गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचा भार उजव्या चाकांवर कलतो, आणि दुखऱ्या बेअरिंगवर भार पडला की ते अधिक कण्हते. म्हणजे उजवे चाक संशयित. बहुतेक वेळा हा नियम लागू पडतो. पण एवढ्यावर निवाडा न देता पुढची पायरी करावी, असे मिस्त्रींचे म्हणणे.

चौथी पायरी हाताची. सपाट जमीन, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांस दोन्ही बाजूंनी दगड अथवा लाकडी ठोकळे, आणि जॅकने उचलल्यावर गाडी मजबूत स्टँडवर टेकविलेली. एवढे असल्यावाचून चाकाजवळ हात नेऊ नये. केवळ जॅकच्या भरवशावर कुणीही राहू नये, आणि घरी स्टँड नसेल तर हे काम मिस्त्रींवरच सोपवावे. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये. एका हाताने चाक फिरवावयाचे आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर अलगद टेकवावयाचा. डाव्या बाजूस काहीच जाणवले नाही. उजव्या बाजूस स्प्रिंगमधून बारीक खरखर आली, वाळू दळल्यासारखी. आम्हांस मातोश्रींचे जाते आठवले आणि मनातल्या मनात ओशाळलो. मग चाक वरखाली धरून हलवावयाचे. खुळखुळले तर बेअरिंग अथवा सस्पेन्शनचा सांधा. केवळ आडवे धरून हलविल्यास खुळखुळले तर स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा. मात्र एक ध्यानी ठेवावे: चाक खुळखुळत नाही म्हणून बेअरिंग चांगले, असे नव्हे. आवाज आधी येतो, ढिलेपणा पुष्कळ नंतर.

आणखी दोन संशयितांस सोडून देण्याची खूण सांगतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून चालविताना ‘टक्‌टक्‌’ वाजत असेल तर तो पुढच्या ॲक्सलच्या सांध्याचा आवाज. तो सहसा असा सलग घुमत नाही. आणि प्रवासानंतर एकच चाक दुसऱ्यापेक्षा फार तापत असेल, तर ब्रेक अडकत असल्याचीही शक्यता तपासावी. तळवा चाकाजवळ धरून अंदाज घ्यावा. ब्रेकच्या चकतीस स्पर्श करू नये.

एवढे झाल्यावर मिस्त्रींनी आम्हांस विचारले, “साहेब, गाडी कधी पाण्यात उभी होती?” आणि आम्ही गप्प झालो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आमची गाडी दीड दिवस चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर आम्ही आतील चटया वाळविल्या, इंजिनाचे तेल पाहिले आणि सुटलो असे मानले. बेअरिंगच्या रबरी कड्या धूळ आणि पावसाचे शिंतोडे अडवितात. तासन्‌तास साचलेले पाणी अडविण्यास त्या पुरत नाहीत. आत शिरलेले पाणी ग्रीसमध्ये मिसळते, पोलादास गंज धरतो, आणि जेथे गोळी आरशासारख्या वाटेवरून धावावयाची, तेथे खळगे पडतात. हाच घात कधी खड्ड्यातील जोराच्या आदळण्यानेही होतो. साधारण मोटारीच्या चाकाचा परीघ पावणेदोन मीटरच्या आसपास असतो. ताशी ६० च्या वेगाने ते सेकंदास सुमारे साडेनऊ फेरे घेते. शंभर किलोमीटरच्या प्रवासात सत्तावन्न हजार फेरे! प्रत्येक फेऱ्यास तोच खळगा तुडविला जातो. तो नाद म्हणजे हीच तक्रार.

बेअरिंग काढल्यावर आत तांबूस चिखल झालेले ग्रीस निघाले. बदलण्याच्या कामी मिस्त्रींनी घेतलेली काळजीही सांगण्याजोगी. नवे बेअरिंग हातोड्याने ठोकले नाही, यंत्राने दाबून बसविले. कारण चुकीच्या कड्यावर जोर पडला तर नवेही जागच्या जागी बिघडते. एबीएस असलेल्या पुष्कळ गाड्यांच्या बेअरिंगची एक बाजू चुंबकी असते, ती उलटी बसू नये म्हणून त्यांनी तपासून घेतली. ॲक्सलचा नट नवा घेतला आणि उत्पादकाच्या पुस्तिकेतील मापानुसार टॉर्क पान्याने आवळला. डावे बेअरिंग आवाज करीत नव्हते, म्हणून उगाच बदलले नाही; पण तेही पाण्यात बुडाले होते, तेव्हा कान देत राहा, असे बजाविले. सारा खर्च आमच्या दोन टायरांहून पुष्कळ कमी झाला.

वाचकहो, हा आवाज ऐकताच घाबरून गाडी रस्त्यात सोडण्याचे कारण नाही. बेअरिंग बहुधा बरेच दिवस आधी सूचना देते. पण त्या सूचनेकडे पाठ फिरवून घाट चढावयास निघणे हा शुद्ध अविचार. दुखणे वाढले म्हणजे चाक ढिले होते, तापते, ब्रेकची चकती डगमगते, आणि अगदी शेवटी चाक निखळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. त्या गाडीत आमच्या वृद्ध मातोश्री आणि दोन मुले बसणार होती, हे आठवले की अद्याप अंगावर काटा येतो. अलीकडे विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या आहेत. त्यांत इंजिनाचा आवाजच नसल्याने हा नाद लवकर ऐकू येतो. ज्यांच्या घरी ती आहे त्यांनी ही सोय मानावी, उपद्रव नव्हे.

मिस्त्रींकडे जाल तेव्हा वैद्यास सांगावे तसे सारे सांगा: आवाज कोणत्या वेगास सुरू होतो, कोणत्या वळणावर वाढतो, गाडी कधी पाण्यात अथवा खड्ड्यात गेली. एका वेळी एकच वस्तू बदला. आणि तपासणीसाठी त्यांना गाडी चालवू द्या, शेजारी स्वतः बसा.

लग्नास आम्ही वेळेवर पोहोचलो. सापुताऱ्याच्या चढणीवर आम्ही खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या आणि रेडिओ बंद. मागून मातोश्री एवढेच म्हणाल्या, “आता कसं, खडा निघाला.”